कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांतील पेट्रोल गळती आणि सुट्या भागांचा शोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे प्रामुख्याने दोन गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. पहिली म्हणजे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आणि १९७० च्या दशकापासून पद्मिनी या नावाने तयार झालेली १०८९ सीसीची प्रीमियर गाडी, जिला लोक आजही नुसते ‘फियाट’ म्हणतात. आणि दुसरी डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची मारुती ८००, तिच्या कार्बुरेटरच्या आवृत्त्यांपुरती. दोन्हींच्या इंधनव्यवस्थेचे तत्त्व एकच आहे : टाकी, टाकीपासून इंजिनापर्यंत धातूची नळी, तिच्या दोन्ही टोकांना रबरी होजचे तुकडे, कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप आणि शेवटी पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारा कार्बुरेटर. त्यामुळे पेट्रोलवरची अँबॅसॅडर किंवा कार्बुरेटरची ओम्नी बाळगणाऱ्यांनाही यातील बहुतेक माहिती लागू पडेल.

गाडीत पेट्रोलचा वास येतो, परंतु थेंब कोठेही दिसत नाही. गाडी चालवत राहिल्यास चालेल का?

चालवू नये. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानालाही पेट घेण्याइतकी तयार होते, आणि हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की एक ठिणगी पुरेशी ठरते. थेंब दिसत नाही याचा अर्थ गळती लहान आहे असा काढता येत नाही. तापलेल्या इंजिनाच्या आसपास पडलेला थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच उडून जातो आणि मागे केवळ तांबूस-पिवळसर डाग उरतो. अनेक जुन्या इंजिनांत कार्बुरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातील जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळाच्या) वर किंवा अगदी लगत असतो. पेट्रोल ठिणगीवाचून आपोआप पेटण्याचे तापमान सुमारे २५० ते २८० अंश आहे आणि घाट चढताना मॅनिफोल्ड त्याहून सहज अधिक तापतो.

गाडी घरी असेल तर ती मोकळ्या जागी ढकलून न्यावी, सुरू करून नव्हे. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खाली साचते, म्हणून गॅरेजमधला खड्डा, इमारतीचे तळघर किंवा गॅस गिझर लावलेल्या खोलीला लागून असलेला पोर्च या दुरुस्तीसाठी वर्ज्य समजावा.

गळती नेमकी कोठून आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

थेंब पडतो ती जागा आणि पेट्रोल बाहेर येते ती जागा या बहुधा वेगळ्या असतात, कारण पेट्रोल नळीवरून, चॅसिसच्या कडेवरून वाहत जाऊन सर्वांत खालच्या बिंदूवरून टपकते. म्हणून आधी सर्व सांधे कोरड्या फडक्याने पुसावेत, त्यांवर खडूची किंवा टाल्कम पावडर हलकी फवारावी आणि काही वेळाने पांढऱ्या थराला ओल कोठे फुटली ते एलईडी टॉर्चच्या उजेडात पाहावे. काचेच्या बल्बचा हातदिवा वापरू नये. तो फुटला तर त्याची तार हीच ठिणगी असते.

याहून उपयोगी प्रश्न असा की, गळती केव्हा होते. यांत्रिक पंप टाकीकडून पेट्रोल ओढतो आणि कार्बुरेटरकडे ढकलतो. टाकी ते पंप हा भाग इंजिन चालू असताना ओढीखाली असल्यामुळे तेथे चीर असली तरी पेट्रोल बाहेर न येता उलट हवा आत जाते. गाडी चढावर धक्के खाते, मिस मारते, आणि मेकॅनिक ‘लाइन हवा घेते आहे’ असे सांगतो. तीच चीर गाडी उभी असताना, टाकीतील पातळी तिच्या वर असली, तर टपकू लागते. पंप ते कार्बुरेटर हा भाग मात्र इंजिन चालू असताना साधारण ०.२ ते ०.३ बार दाबाखाली असतो, त्यामुळे तेथील गळती चालू इंजिनावर दिसते आणि इंजिन बंद केल्यावर थोड्याच वेळात थांबते. टाकी पूर्ण भरल्यावरच किंवा वळणावरच वास येत असेल, तर भरण्याच्या तोंडाची रबरी नळी किंवा टाकीवर बसवलेल्या फ्लोट युनिटचे (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या भागाचे) गॅस्केट यांकडे आधी पाहावे. एवढ्या निरीक्षणाने शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते आणि भाग विकत घेण्याची घाईही टळते.

सर्वसाधारणपणे दोष कशात निघतो?

रबरात. धातूचा पंप, कार्बुरेटरमधील बारीक छिद्राचे पितळी जेट, लोखंडी नळी हे भाग चाळीस वर्षे टिकलेले आढळतात. परंतु होजचे चार-सहा इंच लांबीचे तुकडे, पंपाचा डायफ्रॅम (हलून पेट्रोल ओढणारा-ढकलणारा पडदा), कार्बुरेटरच्या नीडलचे (पेट्रोल आत येण्याची वाट बंद करणाऱ्या सुईचे) रबरी टोक आणि बुचाची वा कागदी गॅस्केटे यांचे आयुष्य संपलेले असते. त्यानंतर क्रम लागतो तो क्लिपांचा, मग कार्बुरेटर ओव्हरफ्लो होण्याचा, मग टाकीला आतून चढलेल्या गंजाचा. माझे स्पष्ट मत असे आहे की, जुनी गाडी विकत घेतल्यावर पहिल्याच महिन्यात, गळती असो वा नसो, पेट्रोलच्या वाटेवरील सर्व रबर एकदम बदलावे. एक तुकडा बदलून उरलेले तसेच ठेवले, तर पुढचा सर्वांत कमकुवत तुकडा काही आठवड्यांतच फुटतो आणि तोच खटाटोप पुन्हा करावा लागतो.

दुकानात ‘पेट्रोल पाइप’ मागितल्यावर जो मिळतो तो चालतो का?

नेहमी चालत नाही. दुचाकींच्या दुकानांत मिळणारी पारदर्शक पीव्हीसी नळी काही महिन्यांत पिवळी, कडक आणि ठिसूळ होते, कारण तिला मऊ ठेवणारे द्रव्य पेट्रोल शोषून घेते. पाण्याची किंवा हवेची रबरी नळी तर पेट्रोलने फुगून आतून सोलवटते आणि ते कण जेटमध्ये अडकतात.

होजवर छापलेली अक्षरे वाचावीत. एसएई जे३० या मानकातील आर७ प्रकारचा होज कार्बुरेटरच्या कमी दाबाला पुरतो. आर९ प्रकारात आतील अस्तर फ्लुरोइलॅस्टोमरचे, म्हणजे बोलीत ज्याला ‘व्हायटन’ म्हणतात त्या पदार्थाचे असते, आणि ते इथेनॉलपुढे पुष्कळ अधिक टिकते. आर९ महाग असला तरी संपूर्ण गाडीला त्याचा जेमतेम एक-दोन मीटर तुकडा लागतो. येथे काटकसर करण्यात अर्थ नाही. टाकीच्या आत, पेट्रोलात बुडून राहणाऱ्या नळीसाठी आर१० हा वेगळा प्रकार असतो, कारण सामान्य होजचे बाहेरचे आवरण पेट्रोलात सतत बुडून राहण्यासाठी बनवलेले नसते.

व्यास अंदाजाने घेऊ नये. नळीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजावा आणि होजचा आतील व्यास तेवढाच घ्यावा. सहा मिलिमीटरच्या तोंडावर आठ मिलिमीटरचा होज चढवून क्लिप करकचून आवळली, तर रबराला घडी पडते आणि त्या घडीतूनच पेट्रोल झिरपते.

क्लिप कोणती वापरावी?

गुळगुळीत पट्ट्याची, कडा बाहेर वळवलेली, नट-बोल्टने आवळायची छोटी क्लिप सर्वांत चांगली. पट्ट्याला खाचा पाडलेली, स्क्रूने फिरणारी क्लिप मोठ्या नळ्यांसाठी ठीक आहे, पण लहान होजवर तिच्या खाचा रबर कापतात आणि ती पूर्ण गोलही बसत नाही. तारेने बांधणे हा उपाय नव्हे.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्या अधिक गळू लागल्या आहेत का?

इथेनॉलमुळे नवा दोष निर्माण होतो असे म्हणण्यापेक्षा, जो दोष आणखी काही वर्षे झाकलेला राहिला असता तो लवकर उघडा पडतो, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२२ च्या मध्यास सरासरी १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. पद्मिनी किंवा सुरुवातीची मारुती तयार झाली तेव्हा त्यांच्या रबराची निवड या इंधनासाठी झालेली नव्हती. जुने रबर इथेनॉलमध्ये फुगते, मग वाळल्यावर आक्रसते, आणि या ये-जा करण्यात सांध्याची पकड सुटते.

याखेरीज तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणात पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या अर्ध्या रिकाम्या टाकीत त्यामुळे पाणी तळाला वेगळे बसू शकते आणि लोखंडी टाकी खालून आतल्या बाजूने गंजते. दुसरे, टाकीत आणि नळीत वर्षानुवर्षे साचलेला चिकट थर इथेनॉलमुळे सुटतो आणि फिल्टर तुंबवतो, म्हणून इंधन बदलल्यानंतरच्या पहिल्या काही टाक्यांत फिल्टर अधिक वेळा पाहावा. तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही : जुने मेस्त्री पेट्रोलच्या सांध्याला शेलॅक (लाखेचे रोगण) लावत आणि ते त्या काळी योग्यच होते, कारण शेलॅक पेट्रोलात विरघळत नाही. अल्कोहोलात मात्र ते विरघळते, आणि इथेनॉल हे अल्कोहोलच आहे. पूर्वी पक्के वाटणारे सांधे आता ओलावत असतील, तर या कारणाचाही विचार करावा.

यांत्रिक पंप गळतो आहे. तो दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

आधी इंजिन ऑइलची पातळी मोजायची डिपस्टिक काढून पाहावी. पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल दोन वाटांनी जाते : पंपाच्या खालच्या छोट्या छिद्रातून बाहेर, किंवा क्रँककेसमध्ये इंजिन ऑइलात. दुसरी वाट अधिक घातक आहे, कारण बाहेर काहीच दिसत नाही. ऑइलची पातळी न भरता वाढलेली असेल, ऑइल पातळ होऊन त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजिन सुरूच करू नये. पातळ झालेल्या ऑइलमुळे बेअरिंग खातात, आणि क्रँककेसमध्ये साचलेली वाफ पेटण्याची शक्यताही असते. पंप दुरुस्त केल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय सेल्फ मारू नये.

जुना मूळ पंप दोन भागांत स्क्रूने जोडलेला असेल आणि त्याचे धातूचे अंग, लिव्हर व लिव्हरची पिन चांगली असेल, तर किट टाकून तो दुरुस्त करणे हाच माझ्या मते उत्तम मार्ग आहे. उघडण्यापूर्वी दोन्ही भागांवर आडवी रेघ ओढून ठेवावी, म्हणजे तोंडांची दिशा चुकत नाही. नवा डायफ्रॅम बसवताना स्क्रू सैल ठेवून लिव्हर पूर्ण दाबावा आणि मगच समोरासमोरचे स्क्रू क्रमाने आवळावेत; सैल अवस्थेत न ताणलेला डायफ्रॅम पहिल्याच आठवड्यात फाटतो. कडेने दाबून बंद केलेला, न उघडणारा पंप असेल, तर तो बदलण्यावाचून इलाज नाही.

नवा पंप घेताना केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. लिव्हरची लांबी व वाक, बोल्टच्या दोन छिद्रांमधील मध्य-ते-मध्य अंतर, तोंडांची संख्या आणि त्यांचा व्यास जुळवावा. काही पंपांना टाकीकडे परत जाणाऱ्या नळीसाठी तिसरे तोंड असते. ते बुजवून दोन तोंडांचा पंप लावण्याचा सल्ला मिळाला तर तो नाकारावा. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णतारोधक ठोकळा असल्यास त्याची मूळ जाडी कायम ठेवावी, कारण तिच्यावर लिव्हर किती दाबला जातो हे ठरते.

विजेचा पंप लावून टाकला तर?

लावता येतो, परंतु अपघातानंतर किंवा इंजिन बंद पडल्यावरही इग्निशन चालू असेपर्यंत तो पेट्रोल ढकलत राहतो, ही त्याची मुख्य अडचण आहे. लावायचाच असेल तर तो कार्बुरेटरला साजेशा कमी दाबाचा असावा, आणि ऑइलचा दाब गेल्यावर किंवा धक्का बसल्यावर वीज तोडणारा स्विच त्याच्याबरोबर असावा. इंजेक्शनच्या (कार्बुरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीचा पंप साधारण अडीच-तीन बार दाब देतो; तो येथे लावल्यास नीडल क्षणभरही टिकत नाही आणि कार्बुरेटरमधून पेट्रोलचा लोट वाहू लागतो.

कार्बुरेटरवरून पेट्रोल वाहते. ही गळती आहे की ओव्हरफ्लो?

सांध्यातील गॅस्केटमधून ओल येत असेल तर गळती. वरच्या श्वासछिद्रातून किंवा आत घशात पेट्रोल उतरत असेल तर ओव्हरफ्लो. ओव्हरफ्लोची कारणे मोजकी आहेत : नीडल आणि तिची बैठक यांमध्ये अडकलेला गंजाचा कण, झिजलेले नीडल, चुकीची फ्लोट पातळी किंवा फुटका फ्लोट (कार्बुरेटरच्या कुंडीतील पेट्रोलवर तरंगून नीडल बंद करणारी पोकळ डबी). पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खुळखुळले तर तो फुटका. शंका असल्यास आगीपासून दूर नेऊन गरम पाण्यात बुडवावा, छिद्रातून बुडबुडे येतात. त्याला डाग (सोल्डर) लावणे शक्य असते, पण आतले पेट्रोल संपूर्ण उडून गेल्याखेरीज कोणत्याही परिस्थितीत नाही. शिवाय डागाच्या वजनाने पातळी बदलते, म्हणून मिळत असेल तर नवाच घ्यावा. कण सापडला तर नीडल स्वच्छ करून थांबू नये. तो कण टाकीतून आला आहे, आणि त्याच्यामागे आणखी आहेत.

उन्हाळ्यात लांबच्या प्रवासानंतर इंजिन बंद केल्यावरच काही मिनिटे पेट्रोलचा वास येत असेल आणि वर सांगितलेले सर्व ठीक असेल, तर फ्लोटच्या कुंडीतील पेट्रोल उष्णतेने उकळून वर येत असते. अशा वेळी कार्बुरेटरखालचा बॅकेलाइटचा जाड ठोकळा जागेवर आहे का ते पाहावे. मागच्या कोणा मेस्त्रीने तो काढून नुसते कागदी गॅस्केट लावलेले असणे ही नेहमीची बाब आहे.

टाकीला बारीक छिद्र पडले आहे. साबण किंवा एम-सील लावून चालेल का?

धुण्याच्या साबणाची वडी छिद्रावर घासून घट्ट भरण्याची युक्ती जुन्या चालकांना ठाऊक असते आणि ती खरोखर काम करते, कारण साबण पेट्रोलात विरघळत नाही. परंतु तिची मर्यादा जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचण्याइतकीच आहे. पावसाच्या एका सरीत ती संपते. एम-सीलसारखी दोन घटकांची लुकण कोरड्या, घासलेल्या धातूवर काही काळ टिकते, पण छिद्राभोवतीचा पत्रा आतून गंजून पातळ झालेला असल्यामुळे शेजारी दुसरे छिद्र पडायला वेळ लागत नाही.

टाकी उतरवून, स्वच्छ करून, पत्रा पाहूनच निर्णय घ्यावा. येथे एक धोका ठळकपणे सांगणे आवश्यक आहे : रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात हवा आणि वाफ यांचे मिश्रण असते. ‘महिनाभर रिकामी आहे’ या भरवशावर तिच्यावर गॅस वेल्डिंग केल्याने माणसे दगावली आहेत. टाकी गरम पाणी आणि डिटर्जंटने अनेकदा धुऊन, पाण्याने किंवा निष्क्रिय वायूने भरून मगच तिच्यावर उष्णतेचे काम करावे, आणि तेही ज्याला या कामाची सवय आहे अशाच कारागिराने. आतून लावायचे अस्तर घेणार असाल तर ते इथेनॉलला टिकते असे डब्यावर लिहिलेले असावे. जुन्या प्रकारची काही अस्तरे इथेनॉलात सुटून पोपडे धरतात आणि तेच पुढे कार्बुरेटरपर्यंत जातात.

लोखंडी नळी गंजली आहे. तांब्याची नळी टाकावी का?

तांबे वाकवायला सोपे असते, म्हणून ते सुचवले जाते. पण सततच्या कंपनाने ते कडक होऊन तडकते. मूळच्यासारखी लोखंडी, किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळी घ्यावी, जुन्या नळीवरून वळणे उतरवून घ्यावीत, चॅसिसवरील प्रत्येक मूळ पकडीत ती बसवावी आणि एक्झॉस्टपासून अंतर राखावे. होज चढतो त्या टोकाला बाहेर फुगवलेली कडा हवी. सपाट कापलेल्या टोकावरून होज घसरतो.

सुट्या भागांचा शोध कोठून सुरू करावा?

जुना भाग हातात घेऊन. हे इतके साधे आहे की त्याकडे दुर्लक्ष होते. मेस्त्रीने काढलेला भाग भंगारात टाकू देऊ नये. कितीही खराब असला तरी तो नमुना आहे. त्यावरील क्रमांक, गाडीचे उत्पादन वर्ष आणि चॅसिस क्रमांक वहीत उतरवून ठेवावेत, मापे घ्यावीत, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत.

मारुती ८०० चे काम तुलनेने सोपे आहे. तिचे उत्पादन जानेवारी २०१४ पर्यंत चालू होते, संख्येने ती प्रचंड विकली गेली आणि तिच्याच कुळातील ७९६ सीसीचे इंजिन ओम्नीतही असल्यामुळे पंप व कार्बुरेटरचे बरेच भाग एकमेकींशी जुळतात. तरी सन २००० च्या आसपास इंजेक्शनवर गेलेल्या गाडीचा आणि त्याआधीच्या गाडीचा टाकीतील फ्लोट युनिट वा नळ्यांचा संच एकच समजू नये. पाकिस्तानात २०१९ पर्यंत तयार होत असलेली मेहरान ही हिचीच सख्खी बहीण. परंतु तेथून भाग मागवण्याचा मार्ग आपल्याला खुला नाही, त्यामुळे इंटरनेटवर तिचे नवेकोरे भाग पाहून हळहळण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

पद्मिनीच्या बाबतीत चित्र बदलते आहे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सींसाठीच्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती सेवेतून गेली. टॅक्सी होत्या तोवर मुंबईत तिच्या भागांना रोजचा उठाव होता. तो संपल्यावर दुकानदार नवा माल भरत नाहीत, असलेला काढून टाकतात. ज्यांना पद्मिनी ठेवायची आहे त्यांनी पंपाचे किट, फ्लोट, नीडल आणि कार्बुरेटरची गॅस्केटे आजच एक-एक जादा घेऊन ठेवावीत. रबरी होज मात्र साठवू नये.

कोणत्या बाजारात जावे?

मुंबईत ऑपेरा हाउस परिसरातील सुट्या भागांची दुकाने आणि कुर्ल्यातील सीएसटी रोड. पुण्यात नाना पेठ. महाराष्ट्राबाहेर दिल्लीचे काश्मिरी गेट, बेंगळुरूचा जे. सी. रोड, चेन्नईचा जी. पी. रोड आणि जुन्या मालासाठी तेथीलच पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार. चेन्नई आणि कोलकाता यांची नावे ऐकून पश्चिमेकडील वाचकाला लांब वाटेल. पण गल्ल्यामागच्या मांडणीत वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल मोठ्या शहरातल्या गजबजलेल्या दुकानापेक्षा तालुक्याच्या गावातील जुन्या दुकानात अधिक वेळा सापडतो, हेही तितकेच खरे. सोलापूर, सांगली, मडगाव, बेळगाव अशा ठिकाणी कामानिमित्त जाणे झाले, तर नमुना बरोबर ठेवावा.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा, सीलबंद डब्यातील मूळ कंपनीचा भाग मिळाला. तो घ्यावा का?

धातूचा असेल तर डोळे मिटून घ्यावा. रबराचा असेल तर घेऊ नये. डबा उघडलेला नसला तरी रबराचे वय थांबलेले नसते, आणि तो डायफ्रॅम आजच्या पेट्रोलसाठी बनवलेलाही नाही. अखंड पंप मिळाल्यास तो जरूर घ्यावा, पण गाडीवर चढवण्यापूर्वी उघडून त्याचा डायफ्रॅम आजच्या, इथेनॉलला टिकणाऱ्या रबरी कापडाचा बसवून घ्यावा. आकर्षक जुना डबा आणि त्यावरील छाप यांना दुकानदार भाव लावतो; त्या भावातील किती भाग आपल्या इंजिनाच्या उपयोगाचा आहे याचा हिशेब ग्राहकाने करावा.

इटलीतून फियाटचे भाग मागवले तर बसतील का?

काही बसतील, काही नाहीत. फियाटच्या ११०० मालिकेचे जगभर संग्राहक असल्यामुळे भाग उपलब्ध आहेत. परंतु इटलीतील ११०० डी चे इंजिन १२२१ सीसीचे होते, तर भारतात १०८९ सीसीचेच इंजिन पुढे चालू राहिले. त्यामुळे ‘११०० डी साठी’ एवढ्या उल्लेखावर पैसे पाठवू नयेत. विक्रेत्याला मापे आणि छायाचित्रे पाठवून लेखी होकार घ्यावा. सीमाशुल्क आणि टपालखर्च धरता छोट्या गॅस्केटसाठी हा मार्ग परवडत नाही, तर फ्लोट किंवा संपूर्ण पंपासाठी कधी कधी परवडतो.

भंगारातील गाडीचा भाग घेताना काय पाहावे?

पंपाचे अंग, कार्बुरेटरचे अंग, फ्लोट युनिटचे धातूचे भाग आणि आतून स्वच्छ असलेली टाकी घेण्यास हरकत नाही. कार्बुरेटरचा खालचा सपाट पृष्ठभाग काचेवर ठेवून पाहावा. तो डुलला तर तो वाकलेला आहे. होज, गॅस्केट, फिल्टर यांना हात लावू नये.

पावती घ्यावी, तिच्यावर दुकानाचे नाव असावे. चोरीच्या गाड्यांचे भाग विकले जात असल्याच्या कारणावरून मेरठच्या सोतीगंज बाजारावर २०२१ मध्ये पोलिसांनी मोठी कारवाई केली होती. इंजिन ब्लॉकसारखा क्रमांक कोरलेला भाग तर कागदपत्रांशिवाय घेऊच नये, कारण आरटीओच्या नोंदीशी तो जुळला नाही तर गाडी पासिंगला अडकते.

भाग कोठेच मिळाला नाही, तर बनवून घेता येतो का?

पितळी तोंडे, पोकळ बोल्ट, सांध्यांचे नट, पंपाच्या लिव्हरची पिन हे भाग कोणताही चांगला लेथवाला नमुन्यावरून करून देतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तर ओतकामापासून लेथवरील यंत्रकामापर्यंतची कामे एकाच परिसरात होतात, आणि तेथील कारागिरांना एकुलत्या एका नगाचे काम नवे नाही. गॅस्केट पेट्रोलला टिकणाऱ्या शीटमधून कापता येते. नीडल आणि तिची बैठक मात्र कापून-घासून जमवू नये. तेथे लागणारी अचूकता हाताने येत नाही, आणि किंचित चूक झाली तरी पेट्रोल थांबत नाही.

गाडीला सीएनजी किट आहे. पेट्रोलच्या गळतीचा तिच्याशी संबंध असतो का?

असतो. किट बसवताना पंप आणि कार्बुरेटर यांच्यामध्ये पेट्रोल बंद करणारा, विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह टाकलेला असतो, म्हणजेच होजचे दोन सांधे आणि दोन क्लिपा वाढलेल्या असतात. गळतीचा शोध तेथून सुरू करणे शहाणपणाचे ठरते. शिवाय गाडी महिनोन्‌महिने केवळ गॅसवर चालली की पेट्रोलच्या वाटेवरील रबर कोरडे पडते, आणि ज्या दिवशी पेट्रोलवर स्विच केले जाते त्या दिवशी कार्बुरेटर वाहू लागतो. आठवड्यातून काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी. गॅसच्या बाजूच्या सांध्यांना मात्र स्वतः हात लावू नये, ते काम अधिकृत केंद्राचेच आहे.

दुरुस्तीनंतर तपासणी कशी करावी?

टाकी उतरवताना पेट्रोल तोंडाने ओढू नये आणि प्लास्टिकच्या बादलीत काढू नये. झाकणाचा धातूचा डबा वापरावा. सर्व भाग बसल्यावर बॅटरी जोडण्यापूर्वी सांधे पुसून कोरडे करावेत. एबीसी प्रकारचे पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवून, बॉनेट उघडे ठेवून इंजिन सुरू करावे आणि एका माणसाने पंपापासून कार्बुरेटरपर्यंतचा प्रत्येक सांधा पाहावा. त्यानंतर गाडी तापेपर्यंत चालवून बंद करावी आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे, कारण गरम झाल्यावर क्लिपांची पकड बदलते आणि त्या एकदा आवळाव्या लागतात. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी त्यावर डाग असेल तर तो टाकीकडच्या बाजूला आहे की इंजिनाखाली, त्याप्रमाणे वर सांगितलेल्या क्रमाने पुन्हा शोध घ्यावा. नंतर टाकी गळ्यापर्यंत भरून एक फेरी मारावी, वळणे घ्यावीत, आणि भरण्याच्या तोंडाजवळची रबरी नळी बोटाने चाचपून पाहावी.